नुसती धूळ होती

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना भोये सर दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. चपला उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागे, मान किंचित पुढे. लहान मूल काचसामानाच्या दुकानात शिरताना आई त्याला बजावते, तसं कोणीतरी त्यांनाही बजावून आत पाठवलंय असं वाटायचं. खरं तर ते आमच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक होते. ती खोली, तिचं कुलूप, कुलपाची किल्ली, सगळं त्यांच्याच ताब्यात होतं. तरी त्या यंत्रासमोर ते पाहुण्यासारखे उभे राहायचे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी मूळची सिन्नरकडची. विज्ञान आणि गणित शिकवायला माझी नेमणूक मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पुढे एका टेकडीच्या पोटाशी असलेल्या या शाळेत झाली. पहिल्याच दिवशी मी प्रयोगशाळा कुठे आहे म्हणून विचारलं, तर सरांनी एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत पृथ्वीचा गोल होता, कारखान्यातून आला तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. सूक्ष्मदर्शक होता, खोक्यात, वरची सुतळीसुद्धा न सोडलेली. व्हॉलीबॉल होता. त्यात हवा फक्त तपासणीला साहेब येणार असले तरच भरायची असं मला शिपायाने हळूच सांगितलं.

"मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवायचा कसा?" मी विचारलं.

"चित्र आहे ना पुस्तकात," सर म्हणाले. "थोरात बाई, सरकारी वस्तू आहे. वस्तू मुकी असते. तिला काय झालं ते ती सांगत नाही, सांगावं आपल्यालाच लागतं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. मला तेव्हा राग यायचा. पण माणूस नुसता भित्रा असता तर मी त्याच्याविषयी आज लिहायला बसले नसते.

सर वांगणीकडचे. कुपोषणाने पोरं मेली त्या वाईट साली ते तिकडच्याच एका शाळेवर होते. त्या सालाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कोणी विचारलं नाही. पण जेवणाच्या वेळी ते पंगतीतून फिरायचे आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः बसायचे. एखाद्या मुलाने ताट अर्धं ठेवलं तर त्याच्याजवळ उकिडवं बसून विचारायचे, "काय रं, जीव बरा नाय का?" मुलांशी ते घरच्या बोलीत बोलायचे, आमच्याशी पुस्तकी मराठीत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी डाळ पातळ असल्याचं हसण्यावारी नेलं, तेव्हा हेच सर भर पंगतीत त्यांना म्हणाले, "साहेब, ह्या ताटात तुम्ही जेवून दाखवा, मग मी अहवालावर सही करतो." साहेबांचा चेहरा उतरला.  मात्र थोड्या वेळाने त्याच साहेबांनी कॉम्प्युटरवरचं कापड उचलून एक कळ सहज दाबली, तर सर घामाघूम झाले.

मी शाळेत रुळले तशी कॉम्प्युटर चालवायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. जव्हारला इम्तियाज नावाचा एक तरुण कॉम्प्युटरचा क्लास आणि दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे मी सुट्टीत शिकून आले होते. दहावीच्या मुलांच्या जातीच्या दाखल्यांसाठी एक मोठी यादी जव्हारच्या कार्यालयात द्यायची होती. नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. अर्धी माहिती मुलांनाही ठाऊक नव्हती. आईबाप वीटभट्टीवर गेलेले. सर रविवारी पायी गावोगाव हिंडून, म्हाताऱ्यांना विचारून ती गोळा करून आणायचे आणि मी टाईप करायचे. मी टाईप करताना ते पाठीमागे हात बांधून उभे असायचे. एकदा मी म्हटलं, "सर, बसा ना, तुम्ही पण करून बघा." त्यांनी मान हलवली. "नको. माझा हात जड आहे."

यादी शुक्रवारी जव्हारला पोचवायची होती. त्याच आठवड्यात, बहुधा मंगळवारी, माझ्या लक्षात आलं की सर पंगतीत फिरले पण जेवायला बसले नाहीत. बुधवारी सकाळीही तेच. प्रार्थनेला उभे होते ते आजारी माणसासारखे, खांबाला टेकून. मी विचारलं तर म्हणाले, "पित्त झालंय." आणि कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मागितली तर म्हणाले, "आज राहू दे."

"सर, यादी छापायची आहे. दोन दिवस राहिलेत."

 ते मला वर्गाबाहेर, चिंचेखाली घेऊन गेले. तिथे कोणी नव्हतं तरी त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, कॉम्प्युटर माझ्या हातून मेला."

मला आधी काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेले काही दिवस दुपारी शाळा सुटली, मुलं नदीवर गेली, की सर त्या खोलीत एकटेच जाऊन बसायचे. मी कॉम्प्युटर कसा सुरू करते ते इतके दिवस मागे उभं राहून त्यांनी पाठ केलं होतं. त्यांना स्वतःचं नाव मराठीत टाईप करायचं होतं. एवढंच. निवृत्त व्हायच्या आधी एकदा.

"ल सापडला," ते म्हणाले. "पण क्ष कुठे आहे ते कळेना. मी एकेक कळ दाबून बघत होतो. आणि तो गेला. एकदम काळा झाला. पुन्हा सुरू केला, थोडा वेळ चालला, पुन्हा गेला. त्याच्यातच पोरांची यादी आहे, बाई. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुन्हा काय विचारू मी?"

मला हसू आलं असतं, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आलं नाही. त्यांनी दोन दिवस अन्नाला शिवलेलं नव्हतं.

मी किल्ली घेऊन खोलीत गेले. यंत्र सुरू केलं. आतून दळण दळल्यासारखी घरघर आली, पडदा उजळला, आणि चहाला उकळी येते तेवढ्या वेळात बटण न दाबता आपोआप बंद झालं. मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर हात ठेवला. पत्रा तापला होता. सर उंबऱ्यापाशीच उभे होते. आत आले नाहीत.

शाळेला फोन नव्हता. आम्ही जीपने मोखाड्याला गेलो आणि एसटीडी बूथवरून मी इम्तियाजला फोन लावला. सर बूथच्या काचेबाहेर उभे राहिले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, मागच्या बाजूला हात धरल्यावर वारा बाहेर येतो का?"

"नाही. नुसता तापतो."

"मग मेला नाही. गुदमरलाय. आत धूळ भरली असणार. तुमच्या शाळेला चुलीचा धूर आहे, समोर मुरमाचा रस्ता आहे. प्रोसेसरला वारा मिळाला नाही की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. यादी कुठे जात नाही. यादी वेगळ्या जागी असते."

इम्तियाजच्या बहिणीचं भिवंडीला लग्न होतं. त्याला रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. "तुम्हीच उघडा," तो म्हणाला. "घाबरू नका, पण मी सांगतो तेवढंच करा." आणि त्याने सांगायला सुरुवात केली. मी एकेक गोष्ट मोठ्याने पुन्हा म्हणत होते, म्हणजे चुकायला नको. आधी नीट शट डाऊन. मग भिंतीवरचं बटण बंद. पण बटणावर विसंबायचं नाही, पिनच काढून हातात घ्यायची. पिन काढल्यावर डब्याचं पुढचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत राहिलेली थोडी वीज निघून जाते. अंगावर सुती कपडे. आत हात घालायच्या आधी उघड्या पत्र्याला हात लावायचा, कारण आपल्या अंगातली बारीकशी वीजसुद्धा आतल्या सर्किटच्या पट्ट्यांना सोसत नाही. ओलं फडकं नको. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. नवा, मऊ केसांचा रंगाचा ब्रश. आतल्या पंख्यावर हवा मारायची तर पातं बोटाने हलकं धरून ठेवायचं, नाहीतर ते भिरभिर फिरून बिघडतं.

"आणि मॅडम, मागच्या कोपऱ्यात एक बंद डबा आहे, जिथे वायर लागते तो. तो उघडायचा नाही. पिन काढली तरी त्याच्यात वीज साठून राहते. बाकी काही बिघडलं तर कॉम्प्युटर बिघडेल. तो डबा माणसाला मारतो."

मी बाहेर आले. काचेतून सरांनी अर्धं ऐकलं होतं.

"कशाने मेला म्हणतो?"

"मेला नाही म्हणतो. गुदमरलाय."

सर बूथच्या बाकावर बसले.  मग म्हणाले, "गुदमरलेलं वाचतं. वेळेवर हवा मिळाली की वाचतं."

परत येताना आम्ही मोखाड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून ब्रश घेतला. शाळेत पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि भारनियमनामुळे वीज गेलेली होती. मी म्हटलं, बरंच झालं. तर सर म्हणाले, "नाही. वीज गेलेली असो नाहीतर नसो, पिन काढा. ती गेली तशी न सांगता येते पण." त्यांनी स्वतः वाकून पिन काढली आणि ती वायर गुंडाळून लांब खिडकीत नेऊन ठेवली.

डब्याला मागून कितीतरी वायरी लागलेल्या असतात. कोणती कुठली हे विसरलं तर पंचाईत. सरांनी वसतिगृहातल्या बाईंकडून लोकरीचे तुकडे मागवले आणि प्रत्येक वायरीला आणि तिच्या भोकाजवळ एकाच रंगाची लोकर बांधली. तांबडी तांबडीत, हिरवी हिरवीत. मग आम्ही दोघांनी तो डबा उचलून उजेडात, व्हरांड्यातल्या टेबलावर आणला. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर सरांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. मोडलाच तर माझ्या हातून मोडू दे. तुमची नोकरी अजून पुष्कळ राहिलीय."

 स्क्रू निघाले, ते त्यांनी वाटीत ठेवले. झाकण सरकवलं, आणि आम्ही दोघंही आत वाकलो.

आत कॉम्प्युटर दिसतच नव्हता. घोंगडीसारखा एक राखाडी-तांबडा थर सगळ्यावर पसरला होता. पंख्याची पाती त्या थरात रुतली होती. आणि मागच्या जाळीला आतून, जिथून गरम वारा बाहेर जायचा नेमक्या त्याच जागी, कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. मूठभर मोठं, एकावर एक नळ्या रचलेलं, आमच्याच आवारातल्या तांबड्या मातीचं.

"ही कुठून शिरली?" मी म्हटलं. मागे पत्र्याची एक पट्टी निघालेली होती, तिथे बोटभर फट होती.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे हे माझ्या कळीने झालेलं नाही," ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते ते कळलं नाही.

"नाही सर. नुसती धूळ आहे. आणि ही माशी."

मग पत्र्याला हात लावून त्यांनी ब्रश उचलला आणि लहान मुलाच्या डोळ्यातलं काढावं तसं हळूहळू झाडायला लागले. मी व्हॉलीबॉलचा पंप आणला. तो आधी तळहातावर मारून बघितला, ओलावा नाही ना, आणि मग लांबूनच थोडी थोडी हवा सोडली. सरांनी एका बोटाने पंख्याचं पातं धरून ठेवलं होतं. धूळ उठली, आम्ही दोघं खोकलो, नाकाला रुमाल बांधले. मातीचं घर त्यांनी कडेकडेने सोडवून अख्खं काढलं आणि खिडकीत ठेवलं. मागच्या कोपऱ्यातल्या त्या बंद डब्यावरून ब्रश फिरवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मला दोन पावलं मागे व्हायला लावलं. त्याच्या फक्त बाहेरच्या जाळीवरून कोरडा ब्रश फिरवला आणि हात काढून घेतला.

झाडता झाडता ते बोलायला लागले. मी काही विचारलं नव्हतं.

"मी पाचवीत होतो, आश्रमशाळेतच. तेव्हा कंदील असायचे. संध्याकाळी काचा साफ करायचं काम माझ्याकडे. राख घ्यायची, फडकं घ्यायचं, आतून फिरवायचं. एक दिवस मोठ्या कंदिलाची काच हातात फुटली. हात कापला त्याचं काही नाही. पण सरकारी काच. आता आपल्याला धरून नेतील असं वाटलं. मी तसाच पळालो. रान तुडवत घरी गेलो, बापाला सांगितलं की शाळा बंद झाली. वर्षभर गुरं राखली."

"मग?"

"मग गुरुजी आले एकदा, चालत. बापाने विचारलं, शाळा चालू झाली का? गुरुजी म्हणाले, बंद कधी झाली होती? मी झाडामागे. त्यांनी मला बाहेर काढलं आणि विचारलं, का पळालास? मी म्हटलं, काच. त्यांना आठवतच नव्हती ती. म्हणाले, अरे, ती तर दुसऱ्याच दिवशी नवी आणली." सरांनी ब्रश झटकला. "माझ्याबरोबरची पोरं सातवीला गेली तेव्हा मी सहावीत. एका काचेपायी."

मला त्या लोखंडी कपाटातली, न सोडलेली सुतळी आठवली. 

सगळं स्वच्छ झाल्यावर हिरवी पट्टी आणि तिच्यावरची बारीक अक्षरं दिसायला लागली. झाकण लावलं, मागची फट पुठ्ठ्याने न बुजवता पत्र्याचाच तुकडा कापून, स्क्रूने बसवून बंद केली. डबा आत नेऊन लोकर बघून वायरी जोडल्या. आता वीज यायची वाट बघायची होती. तोपर्यंत बातमी वसतिगृहात पसरली होती. मुलं व्हरांड्यात येऊन बसली. एरवी सरांनी हाकललं असतं. त्या दिवशी हाकललं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वसतिगृहातला दिवा लागला. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुम्ही दाबा." मग लगेच, "थांबा, पिन लावू दे." पिन लावली. मी बटण दाबलं. घरघर नव्हती. पंख्याचा बारीक, सरळ आवाज आला. पडदा उजळला. मी यादी उघडली, एकूण एक नावं जागेवर होती. चहाला उकळी येईल एवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. कोणी हलेना. 

सरांनी हात पाठीमागून सोडला, डब्याच्या मागे नेला आणि तळवा उघडा धरला.

"वारा येतो," ते म्हणाले.

मग खाली मान घालून ते खोलीबाहेर गेले. प्रिंटर कर्र कर्र करत यादी छापत होता. मी खिडकीतून पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ते नागलीची भाकरी आणि सकाळची डाळ खात होते. स्वयंपाकीणबाई म्हणत होती, "सर, गरम करून देती ना." आणि ते म्हणत होते, "असू दे, असू दे, अशीच दे अजून एक."

यादी शुक्रवारी वेळेवर पोचली. शनिवारी मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि क्ष कसा काढायचा ते दाखवलं. शिफ्टची कळ धरून ठेवून दुसरी दाबायची, अशा दोन कळा लागायच्या. "म्हणून सापडत नव्हता," ते म्हणाले. "मी एकाच कळीत शोधत होतो." त्यांनी लक्ष्मण असं लिहिलं. छापून घेऊ का म्हणून मी विचारलं. "कशाला कागद वाया," असं म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी कपाट उघडलं आणि सूक्ष्मदर्शकाची सुतळी सोडली. मोठं भाषण वगैरे काही केलं नाही. खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कांद्याची साल दाखवायची होती ना तुम्हाला, दाखवा." व्हॉलीबॉल मैदानात गेला तो पुन्हा कपाटात आलाच नाही. आणि महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, कॉम्प्युटर व्हरांड्यात निघायला लागला. आठवी-नववीची मुलं भोवती. सर स्वतः शिकवायचे, घरच्या बोलीत.

"आधी काय कराचां?"

"पिन काढाची," मुलं म्हणायची.

"बटण बंद केलां तर नाय चालत?"

"नाय."

"मंग?"

"पत्र्याला हात लावाचा."

"आन तो मागचा डबा?"

"नाय उघडाचा," सगळी एका सुरात.

"का नाय उघडाचा?"

"तो माणूस मारतो."

"आन बाकीचां काय मोडलां तर?" याचं उत्तर सर स्वतःच सांगायचे, "तर यून सांगाचां. पळाचां नाय."

हे सांगणं सोपं होतं. खरी परीक्षा पावसाळ्यानंतर झाली. जयवंती नावाची नववीतली मुलगी होती, वावरकडची. हात हुशार, बोलणं जवळजवळ नाही. त्या शनिवारी पंखा धरायची पाळी तिची होती. पंपाची हवा सुटली आणि दचकून तिने पातं जोरात दाबलं. कट्कन आवाज आला. प्लॅस्टिकचं पातं तुटून तिच्या बोटांत राहिलं.

मुलं एकदम मागे सरली. तिच्या आजूबाजूला मोकळी जागा झाली. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी तिला धरायला पुढे झाले. इतक्या दिवसांनंतरही माझ्या मनात आलं, आता सरांचं काय होतंय. तेही पांढरे पडले होते. त्यांची नजर त्या तुटक्या पात्यावर होती. मग ती तिच्या पायांकडे गेली. जयवंतीची पावलं अंगणाच्या दिशेला वळली होती.

सर पटकन खाली बसले, अगदी तिच्यासमोर.

"बोट कापला का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"सकाळी जेवलीस?"

हो.

"मंग चल. पंखा जव्हारला मिळतो, तुला दाखवतो. थोरात बाई, तुम्हीपण चला."

मी म्हटलं, सर, इम्तियाजला निरोप पाठवू, तो येताना घेऊन येईल. ते मराठीत, अगदी शाळेच्या मराठीत म्हणाले, "पंखा येईल हो. पण हिला तो दिसला पाहिजे."

आम्ही एसटीने जव्हारला गेलो. वाटभर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. सरांनी तिच्याशी काही बोलायचा प्रयत्न केला नाही. फक्त तिच्या आणि दाराच्या मधे ते स्वतः बसले होते. इम्तियाजच्या दुकानात शिरलो. सरांनी तुटका पंखा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा मोडला."

"कशाने?" इम्तियाजने विचारलं.

"धरताना मोडला. मोडतो तो."

"मोडतोच," इम्तियाज म्हणाला. "माझ्याकडून महिन्याला एखादा जातो." त्याने खालचा खण ओढला. आत पंखेच पंखे होते, काळे, लहान-मोठे, नवे, जुने, एकमेकांत अडकलेले. त्यातून तो आमच्या मापाचा शोधायला लागला.

जयवंती पुढे झाली. खणात वाकून बघत राहिली. सर तिच्या शेजारी वाकले.

"बघ. किती हायेत."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली. पातं तुटल्यापासून धरलेलं सगळं एकदम आलं. इम्तियाज गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. सरांनी त्याला हातानेच सांगितलं, असू दे. आणि तिचं रडणं संपेपर्यंत ते तसेच त्या खणाशी वाकून, एकेक पंखा उचलून, त्याची पाती फिरवून बघत राहिले. मग त्यांनी तिला समोरच्या हॉटेलात नेलं आणि आम्ही तिघांनी भजी खाल्ली. तिने दुसरी प्लेट मागितली. मी तिला काही मागताना पहिल्यांदाच ऐकलं. नवा पंखा सोमवारी तिनेच बसवला.

सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि वांगणीकडे गेले. त्यांना जाऊनही आता काही वर्षं झाली. दुपारी जेवून अंगणात बाजेवर पडले होते, तसेच झोपेत गेले. कोणाला बोलावायची, धावाधाव करायची वेळच आली नाही, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं. मला ऐकून वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. काळजी करतच गेले असतील अशी मला उगाच भीती होती.

माझी त्यांची शेवटची भेट जव्हारच्या एसटी स्टँडवर झाली होती. डोक्याला टोपी, कडेवर नातू. मी वाकून नमस्कार केला, कसं चाललंय विचारलं.

"बरं चाललंय, बाई. आता हातात मोडण्यासारखं काही नाही."

तेवढ्यात नातू त्यांच्या कडेवरून घसरला, फलाटावर आपटला आणि मोठ्याने रडायला लागला. मी धावले. सर जागचे हलले नाहीत. पोर स्वतःच उठलं, हात झटकले, रडता रडताच समोरच्या केळीवाल्याकडे चालू लागलं.

सर त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा आहे म्हणा. पण हा पडला तरी उठतो."

आणि त्याच्या मागोमाग, मुळीच घाई न करता, केळी घ्यायला गेले.